संदुकीमागच्या भिंतीलाही दोन हात

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या तुतझार मोहल्ल्याचे वडीलधारे नुमोनजान-आका, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती उस्ता तोजीबोय, त्यांच्या पत्नी शरोफत, पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून ताठ बसलेल्या माझ्या विहीणबाई बुसारा, आणि मागे चहाच्या किटल्या फिरवणाऱ्या पण कान इकडेच लावून बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो!

आज इथं कशासाठी जमलोय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना आठवत नसणार. पुलाव आहे, एवढं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आहे. अध्यक्ष महाराजांचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी दायीच्या सत्काराला त्यांनी पाऊण तास भाषण केलं ते टपालवाल्याचं. म्हणून आधीच सांगते, नुमोनजान, तुझ्या डाव्या हाताला बसलाय तो तोजीबोय. रंगारी. तुझं घर त्यानं तीन वेळा रंगवलंय. आता तो आणि शरोफत लेकीकडे अंदिजानला कायमचे चाललेत, कारण त्याचे गुडघे शिडी चढायला नाही म्हणतात. हे सगळं हातावर लिहून ठेव.

माझेही गुडघे नाही म्हणतात, म्हणून मी घरी आहे आणि आपली झुल्खुमार मास्तरीण माझं बोलणं तुम्हाला वाचून दाखवते आहे. मी सांगितलं तसं तिनं लिहिलंय. एके ठिकाणी तिनं 'रंगसम्राट' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. सम्राट लोक संदुका हलवत नाहीत. हा हलवायचा.

आता माणसाचा सत्कार करायचा तर त्याचा गुण सांगावा लागतो. तोजीबोयचा गुण कोणता? रंग चांगला देतो? आपल्या मर्गिलान शहरात रंग चांगला देणारे पन्नास सापडतील. तो विश्वासू आहे, असं तुम्ही सगळे म्हणाल. पण कशावरून, असं कोणी विचारलं तर? तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षं आहे. पण ते सांगायचं तर माझीच अब्रू चव्हाट्यावर येते, आणि विहीणबाई पुढच्या रांगेत बसल्यात. गुडघ्याचं दुखणं खरं आहे बरं का, पण आज ते अगदी वेळेवर आलंय.

तर ऐका.

त्या वर्षी माझी लेक मुहय्यो लग्नाची झाली होती. तिचे वडील आदल्या हिवाळ्यात आजारपणात गेले. त्या आजारपणात माझ्या घरातल्या दुलया एक एक करून बाजारात गेल्या. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे सोयरीक बघायला येणाऱ्या बायका खोलीत शिरल्यावर आधी काय बघतात? मुलगी? मुलगी शेवटी. आधी संदुकीवर रचलेली दुलयांची चळत बघतात. छताला टेकली तर घर भरलेलं, छातीपर्यंत असेल तर बरं, कंबरेपर्यंत असेल तर चहा पिऊन उठतात.

माझ्याकडे उरल्या होत्या तीन दुलया.

मग मी काय केलं? जर्दाळूची रिकामी खोकी आणली. सात. त्यांना दुलयांच्या जुन्या खोळी चढवल्या, कडा नीट दुमडल्या, रचली एकावर एक आणि वर त्या तीन खऱ्या दुलया. छताला टेकली चळत! शेजारची ओझोदा बघून गेली आणि घरी जाऊन नवऱ्याशी भांडली.

विहीणबाई, श्वास घ्या. पुढे आणखी आहे.

वसंतात बुसारा-आपांचा निरोप आला, दोन आठवड्यांनी गुरुवारी मुलगी बघायला येतो. आणि माझ्या त्या खोलीच्या भिंती? पोपडे सुटलेले, कोपऱ्यात ओल, खिडकीखाली नकाशा उमटलेला. रंग द्यायलाच हवा. पण रंगारी म्हणजे कोण, हे बायकांनो तुम्हाला ठाऊक आहे. हकीम नाडी बघतो, मुल्ला दाराशी थांबतो, पण रंगारी संदुकीच्या मागे जातो. म्हणून तर सोयरीक ठरवण्याआधी शहाण्या विहिणी शेजाऱ्यांना विचारत नाहीत, रंगाऱ्याला गाठतात. मला चांगला रंग देणारा नको होता. मला तोंड बंद ठेवणारा हवा होता. त्या तोंडावर माझ्या लेकीचं लग्न अडकलं होतं.

आता तोंड बंद राहतं की नाही हे कसं कळणार? भाव विचारून कळतं? मी तीन रंगाऱ्यांना भिंती बघायला बोलावलं आणि प्रत्येकाच्या कानात बोलता बोलता एक एक खोटं सोडलं.

कोसिम आला. त्याला म्हणाले, "काय सांगू बाबा, माझा चहाचा समोवार गळतो. पाहुणे आले की शेजारणीचा मागून आणते." कोसिम चहा पिऊन गेला. तासाभरानं मी नान आणायला तंदूरवर गेले, तर भट्टीवाली म्हणते, "आपा, माझा जुना समोवार पडून आहे, नेता का?" म्हणजे मी पोचायच्या आधी माझा समोवार तिथं पोचला होता!

दुसरा सोबिर. त्याला म्हणाले, "माझी थोरली बहीण केस काळे करायला अक्रोडाची सालं लावते, पण कोणाला सांगू नकोस." त्यानं दोन दिवस दम धरला, हे मान्य करायला हवं. तिसऱ्या दिवशी बहीण कोकंदहून बसनं आली. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. दारातूनच, "रिसोलत, तुझ्या जिभेला हाड नाही का गं? माझी सून हसली मला!" तीन दिवस राहिली. तिन्ही दिवस रुसून, आणि तिन्ही दिवस पोटभर जेवून.

तिसरा हा तोजीबोय. तेव्हा मिशा काळ्या होत्या. त्याला मी सगळ्यात मोठं खोटं सांगितलं. म्हणाले, "बाबा रे, माझे हे पुढचे दोन दात सोन्याचे नाहीत. पितळेचे आहेत. दर जुम्म्याला राखेनं घासते." त्यानं नुसतं "हं" केलं आणि भिंतीवर बोट आपटून बघत राहिला. त्यानंतर चार दिवस मी बाजारात, तंदूरवर, पाण्याच्या नळावर, भेटेल त्याच्यासमोर तोंड उघडून हसत होते. कोणी डोळे बारीक करून बघतंय का? एकानंही नाही. उलट मोहल्ल्यात बोलणं झालं की रिसोलतचा नवरा जाऊन अजून वर्ष झालं नाही आणि ही खिदळते काय! तेवढी बदनामी मी सोसली, पण माणूस सापडला.

सोमवारी काम सुरू. पोपडे खरवडले, लांबी भरली, चुना भिजवला, नीळ मोजून घातली, तीन भिंतींना रंगाचे दोन हात दिले. मी खूश. आणि मंगळवारी हा माझ्यासमोर उभा.

"आपा, संदूक हलवावी लागेल. चळत उतरवतो."

"चळतीला हात लावायचा नाही. तेवढं सोडून रंगव."

"सोडून कसं रंगवणार?"

"कोसिम सोडतो!"

"मग कोसिमला बोलवा."

"अरे, मागे कोण बघायला जाणार आहे?"

"मी गेलो होतो वाकून. ओल तिथूनच येते. ती खरवडून चुना भरला नाही तर दोन महिन्यांत माझा सगळा रंग फुगेल. पाहुणे भिंतीला टेकून बसतील आणि पाठीवर पोपडे घेऊन जातील. ठिपका मेंढीला लावतात, आपा. भिंतीला पुरते दोन हात द्यायचे."

बघा माझी दशा! ज्याचं तोंड बंद, तो संदूक हलवल्याशिवाय राहत नाही. जो संदूक हलवत नाही, त्याचं तोंड बंद राहत नाही. मी चिडले, रडले, नवऱ्याची आठवण काढली. हा अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली जाऊन बसला. मंगळवार अख्खा बसला. पाच किटल्या चहा प्यायला. मी दुपारी मुद्दाम सूप खारट केलं, तेही प्यायला आणि वर म्हणतो, "हातांना बरकत येवो, आपा." बुधवार उजाडला. गुरुवारी बुसारा-आपा येणार, आणि खोलीत तीन भिंती पांढऱ्याशुभ्र, चौथी कुष्ठरोग झाल्यासारखी.

शेवटी मी दार उघडलं, अंगणात गेले आणि घराकडे पाठ करून भाज्या चिरत बसले. कांदा नव्हता, तरी डोळ्यांतून पाणी.

आतून पहिल्या तीन दुलया उतरल्या. मग आवाज आला. टक्. लाकडाचा. मी मनात म्हटलं, संपलं, मुहय्योचं लग्न गेलं. तेवढ्यात ओझोदा तुतीची फळं काढायच्या निमित्तानं शिडी लावून आमच्या कुंपणावर. तुती पिकायला अजून दोन आठवडे होते, तो भाग वेगळा.

आणि तोजीबोय दारातून बाहेर आला. खोकं, खोळ घातलेलं, छातीशी धरलेलं. रिकामं खोकं, मुलीनं एका हातात उचललं असतं! पण हा कमरेत वाकलेला, गुडघे लटपटताहेत, मान ताणलेली, हुश्श हुश्श करतोय. तीन पावलं चालला, थांबला, कपाळ पुसलं. परत तीन पावलं. ओसरीवर असं अलगद ठेवलं की जणू आत कापसाचं अख्खं शेत आहे. मग दुसरं. सात खोकी, सात वेळा कंबर धरली. सहाव्याला ओझोदाच म्हणाली, "अहो उस्ता, जपून! भरलेलं घर आहे बाई!" तोजीबोयनं वर पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी चौथी भिंत झाली. चळत होती तशी परत लागली, कडा माझ्यापेक्षा नीट. त्यानं कुंचे धुतले, टोपी घातली, म्हणाला, "ओलीला उन्हाळाभर ऊन दाखवा, आपा." बस्स. खोक्यांचा ख सुद्धा नाही.

गुरुवारी काय झालं ते विहीणबाईंनी मला लग्नात स्वतः सांगितलं, म्हणून ते खरं आहे. आमच्याकडे येण्याआधी त्या तोजीबोयच्या दारात गेल्या होत्या. "उस्ता, रिसोलतच्या घरात संदुकीच्या मागे काय आहे?" तो म्हणाला, "भिंत." "आणि संदुकीवर?" "मी भिंतीचा माणूस आहे, आपा. तिला दोन हात दिलेत." त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा दोन हातच मिळाले. मग त्यांनी ठरवलं, जिथं रंगारीसुद्धा घराची गोष्ट बाहेर काढत नाही, त्या घरातली मुलगी सासरची गोष्ट बाहेर काढणार नाही. आणि बघा, सव्वीस वर्षांत मुहय्योनं तुमच्या घरातलं मला काही सांगितलंय का? एक अक्षर नाही. मी किती खणलं!

आणि एक, बुसारा-आपा. त्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकींनी बसून दुलया शिवल्या. खोकी एक एक करून तंदुरात गेली. तुमच्या घरी आल्या त्या नऊच्या नऊ दुलया खऱ्या होत्या. उसवून बघा हवं तर.

मी हे आज का फोडलं? कारण हा माणूस चाललाय. ज्यानं गुपित राखलं, त्याचं कौतुक गुपित राखून करता येत नाही. त्यानं सत्तर घरं रंगवलीत या मोहल्ल्यात. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या संदुकीमागे काय होतं ते त्याला ठाऊक आहे. नुमोनजान, तुझ्याही. हसू नकोस. तरी आपण सगळे एकमेकांच्या घरी ताठ मानेनं जातो, एकमेकांत सोयरिकी करतो. मी तुमच्या घरचंही त्याला विचारलं होतं, विहीणबाई. लग्नाआधी तुमचं घरही त्यानंच रंगवलं ना? गरम समोसे पुढ्यात ठेवून विचारलं होतं. आठ खाल्ले. काही बोलला नाही.

नव्या सुनांनो, आता तुम्ही नवा रंगारी शोधाल. त्याला रंगाचा डबा कोणता, किती दिवस लागतील, हे नंतर विचारा. आधी म्हणा, "संदुकीमागचं राहू दे." जो "बरं" म्हणेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा.

तोजीबोय, बाबा, तुझे उपकार मी सव्वीस वर्षं कोणाला सांगू शकले नाही, आज सांगून मोकळी झाले. शरोफत, त्यानं तुलाही सांगितलं नव्हतं ना? तुझ्या चेहऱ्यावरून आता झुल्खुमारला कळेलच. अंदिजानला सुखानं राहा. आणि माझे दात सोन्याचेच आहेत, एवढं मनातून काढून टाक.

मला बोलायची संधी दिली म्हणून समितीचे आभार. तोंडाला आलं ते बोलले. त्यात कोणाचं मन दुखलं असेल तर म्हातारीचा घसरलेला पाय समजून पोटात घाला. बहिणीची तेवढी माफी मागत नाही, तिनं तीन दिवसांत वसूल केलं.

आता माझा पुलाव. झाकलेल्या थाळीत पाठवा, गाजर पिवळं वरचं, भात तळाचा, आणि लसणाचा गड्डा अख्खा, सोललेला नको. कोणाही येरागबाळ्याच्या हाती नको. बुसारा-आपा, तुम्ही स्वतः आणा. दार उघडं आहे, आणि चमचे दोन काढून ठेवलेत.