सोमवारी पिंजरा येण्याआधी

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, प्रमुख पाहुणे, संस्थेचे संचालक आणि आपल्या गावाचे सरपंच श्री. गुलाबराव, प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख प्रा. इंद्रभान सर, व्यासपीठावरील इतर मान्यवर, गावोगावहून आलेले पालक आणि ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते एम.एस्सी.चे विद्यार्थी मित्रहो,

निवृत्त बाईला बोलावतात ते आशीर्वाद देऊन लवकर खाली बसण्यासाठी, हे मला ठाऊक आहे. थोडक्यात बोला, असं कानातही सांगून झालं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला रोज गप्प बसवायच्या. त्यांना जमलं नाही, तुमचं तुम्ही बघा.

या विभागात प्राणिवर्तन हा विषय मी सुरू केला, असा माझा परिचय आत्ताच झाला. तेव्हा संस्थेतले लोक विचारायचे, बाई, जनावरं कशी वागतात हे शिकून नोकरी कुठे लागणार? मी म्हणायचे, माणसांत राहायचं असेल तर उपयोग होईल. सगळे हसायचे. आज मला हसू येत नाही.

शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेली अपेक्षा तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. तिचे वडील धम्मरत्नभाऊ धाड ते बुलढाणा जीप चालवतात. गावालगतच्या वानरांची टोळी हा तिच्या प्रबंधाचा विषय. अशा टोळीत मोठा नर एकच असतो. बाकी माद्या आणि पिल्लं. ही मुलगी दुर्बीण घेऊन ऊन-थंडीत चिंचेखाली बसायची. आजी चांगुणाबाई म्हणायच्या, "काऊन वं, एवढी शिकून वानरायचीच तोंडं पाह्यतं? आपल्या घरात काय कमी हायेत?"

गेल्या वर्षी वानरांनी गावाची तूर ओरबाडली, घरांवरची कौलं फोडली. लोक चिडले. त्यांचा राग खोटा नव्हता. मग गुलाबराव, तुम्ही अपेक्षाला ग्रामपंचायतीत बोलावलंत. तुम्ही इथे शेजारीच बसला आहात ते बरं, पाठीमागे बोलल्याचा आळ नको. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, चहा दिलात. तिच्या घरातलं कोणी त्या कार्यालयात आजवर खुर्चीवर बसलं नव्हतं, एवढंच सांगते. बाकीचं तुम्हां सर्वांना समजतं.

तुम्ही विचारलंत, "बेटा, तू तं रोजच राह्यतं त्याह्यच्यात. म्होरक्या कोनता?"

"काऊन काका?"

"काही नाही वं. म्होरक्या उचलला का बाकीचे पांगतेत. राजकारणात जलम गेला माया!"

गावानं पहिल्यांदा तिला तिच्या शिक्षणातलं काही विचारलं होतं. तिनं चिंचेपाशी नेऊन बोट दाखवलं. पिंजरेवाले आले, नराला धरून दूरच्या जंगलात सोडून आले. वनखात्याची परवानगी होती का, हा प्रश्न मी आज काढत नाही. काढणार आहे, पण आज नाही.

टोळी पांगली का? वानरांना पक्ष नसतो, गुलाबराव. नर गेला की जागा रिकामी होते आणि बाहेरचा नर येतो. आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं तो मारतो. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि पुढची पिल्लं त्याची होतात. त्याला दुष्ट म्हणू नका, त्याचं वागणं तसं आहे. अपेक्षानं हे पुस्तकात वाचलं होतं. मग चिंचेखाली बसून पाहिलं. एक मादी मेलेलं पिल्लू छातीशी धरून फिरत होती, खाली ठेवतच नव्हती.

अशी बरीच पिल्लं गेली. गावाला वाटलं, कुत्र्यांनी मारली. मारुतीची लेकरं म्हणून त्या पिल्लांसाठी तिरडी केली, हळद-कुंकू वाहिलं, टाळ वाजवत नेऊन पुरलं. गुलाबराव, तुम्ही तिथे रडलात. मनापासून रडलात, यात मला शंका नाही. अपेक्षा बाजूला उभी होती आणि पिल्लं का मेली हे त्या गर्दीत तिला एकटीला माहीत होतं.

तिनं विभागात येऊन सांगितलं. काय सल्ला मिळाला? "संचालकांच्या गावचा मामला आहे, 'मृत्यूचे कारण अज्ञात' असं लिही." इंद्रभान सर, कारण अज्ञात लिहायला ते आधी अज्ञात असावं लागतं. तुम्ही माझेच विद्यार्थी. हे मी तुम्हाला कधी शिकवलं?

परवा ती माझ्या घरी आली. म्हणाली, "मॅडम, मी प्रबंध देत नाही. तलाठ्याच्या परीक्षेले बसतो. सातबाऱ्यावर बोट ठेवलं तं कोनाचं पिल्लू मरत नाही." मी तिला रागावले. रागावणं मला येतं. ती गेल्यावर तिचा न प्यायलेला चहा मी मोरीत ओतला.

कदाचित मी आज नुसता आशीर्वाद देऊन बसले असते. पण मघाशी चहाच्या वेळी गुलाबराव मला म्हणाले, "म्याडम, नवा नर लई खवीस हाय. पोरीले इचारून तेवढा दाखवून द्या. सोमवारी पिंजरेवाले येऊन राह्यले."

ऐकलंत? आता त्या माद्यांच्या अंगावर या नव्या नराची पिल्लं आहेत. त्याला उचललं की तिसरा येईल. मग पुन्हा तिरडी, पुन्हा टाळ. हे गावाला कोण सांगणार? आम्ही तर कारण अज्ञात ठेवलं आहे.

मी पुस्तकातलं सांगू शकते. या टोळीचं मी काहीही पाहिलेलं नाही, तिनं पाहिलं आहे.

आयोजकांची मी आभारी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात तक्रार करू नये, तरी मी केली. कुणाचं मन दुखावलं असेल तर वयाकडे पाहून सोडून द्या. शाल-श्रीफळ नंतर होईल, ते कुठे जात नाही.

अपेक्षा, इकडे ये. गुलाबरावांनी पुन्हा विचारलं आहे, या वेळी पूर्ण उत्तर दे. बोट दाखवू नकोस, बोल.

ती अजून उठलेली नाही. हरकत नाही. माइक चालू राहू द्या, मी इथेच उभी आहे.