चौरंगावरची कादंबरी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न विचारतो. बाईनं भरदुपारी बसून प्रेमाची कादंबरी वाचणं – हे पाप की पुण्य? बघा, पुढच्या रांगेतले काका लगेच ‘पाप’ म्हणाले! अहो काका, गोष्ट तरी ऐका.

एका गावात गोदावरीबाई राहायच्या. नवरा दामूअण्णा, देवळाचे पंच. सोवळंओवळं इतकं कडक, की देवानंसुद्धा विचारून शिंकावं! श्रावणात गोदावरीबाईंच्या ओसरीवर बायकांचं पारायण बसायचं. चौरंग, समई, तांबड्या फडक्यात पोथी – सगळं यथासांग. एके दिवशी अण्णा लवकर घरी आले, आणि कानांवर काय पडलं? “डॉक्टरांनी मालतीचा हात आपल्या हातात घेतला...”

“हा कुठला अध्याय?” अण्णांनी विचारलं.

अण्णांनी वाकून पोथीचं फडकं बाजूला सारलं. फडक्यात कादंबरी! वर हळदकुंकू वाहिलेलं! पेटीवाले, हसू नका, सूर हलतोय.

“हे आत्ता बंबात जाणार,” अण्णा म्हणाले. “पण आधी वाचून दाखवतो. कळू दे, काय घाण वाचता ते.” बसले पाटावर. अर्धं पान वाचलं आणि उठायला लागले, तर म्हाताऱ्या राधाकाकू म्हणतात, “अण्णा, चौरंगावरचा अध्याय अर्धवट सोडून उठू नये. तुम्हीच सांगता ना?”

आता करता काय? नियम स्वतःचाच! पुढं वाचणं आलं. मालती तापानं फणफणलेली. डॉक्टर स्वतः पेज करतो, फुंकर घालून भरवतो. बायकांचे पदर डोळ्यांना. अण्णा वैतागले – “असला पुरुष असतो का कुठं?”

“नसतो,” गोदावरीबाई म्हणाल्या. “म्हणून तर वाचतो. मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही दारातनं विचारलंत, आज स्वयंपाकाचं काय? मी काही डॉक्टर मागत नाही हो. पण आपलंही कुणी असं करावं, असं वाटण्यात चूक नाही – हे मला त्या पुस्तकानं सांगितलं. ते जाळलंत, तर पुन्हा कोण सांगणार?”

मंडळी, पंचांच्या बैठकीत कुणाला बोलू न देणारा माणूस! खाली मान घालून त्यानं अध्याय संपवला. पुस्तक फडक्यात नीट गुंडाळलं. मग अण्णा म्हणाले, “ती मालती... बरी होते का?”

“उद्या कळेल,” राधाकाकू म्हणाल्या.

अण्णा आत गेले. बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाहेर आले ते बायकोसाठी चहा घेऊन! निम्मा बशीत सांडलेला, आल्याचा अख्खा गड्डा उकळलेला. गोदावरीबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. डोळ्यांत पाणी आलं. आल्यानं म्हणा हवं तर.

काय पुरुषमंडळी, गप्प झालात? बायकोच्या उशाखाली असलं पुस्तक सापडलं, तर हिसकावू नका. स्वतः वाचा आणि बघा, त्यात आपण कुठं सापडतो का. सापडलात, म्हणून ती वाचायचं सोडेल – या भ्रमात राहू नका! पण पान उलटताना एकदा तुमच्याकडं बघेल.