फळ न देणारी चार

—हात लावू नकोस त्या काडीला! मेली नाहीय ती. पानं गळली म्हणून मेली? राहुरीला डिग्री घेतलीस ना कुणाल, की नुसता मेसमध्ये जेवून आलास? विंटरबेरी आहे ही, हॉली म्हणून झुडूप असतं त्यातली पानं गाळणारी जात — थंडीत उघडी होते, अन् डिसेंबरात त्याच उघड्या काडीवर लालभडक फळं धरते. हॉटेलवाले ख्रिसमसला हाच माल मागतात. म्हणून तर बाहेर दुबई कितीही तापो, ह्या काचघरात आपण स्वेटर घालून उभे. अन् मावशी म्हणू नकोस मला, तुझी मावशी असते तर एव्हाना कान पिळला असता. उर्मिलाबाई म्हण. साहेबांनी पाठवलंय, माहितीय मला. डिसेंबरात छत्तीस झुडपांवर एक फळ धरलं नाही, त्याचा रिपोर्ट लिहायचा, अन् तो वाचून साहेब ठरवणार, अर्सलानला परत बोलवायचं की नाही. मग लिही की! मला कशाला विचारतोस? सुपरवायझर तो होता, मधली चार झुडपं कापल्याचं कबूल त्यानं केलं, सही त्यानं केली, गेल्या महिन्यात मुलतानला गेलासुद्धा. खलास.

छाटणी बघायचीय? बघ. फेब्रुवारी आहे, काडीवरचे डोळे फुगायच्या आत उरकावी लागते. तीन काड्यांतली एक काढायची — सगळ्यात जुनी, जाड, पार बुडातून. ही अशी. वरवर शेंडे खुडत बसायचं नाही. मी पिंपळगावला पंधराव्या वर्षापासून द्राक्षाच्या छाटणीच्या टोळीत होते, झोपेतही सिकेटरची कात्री चुकायची नाही माझी. सांग बरं, द्राक्षात वांझ फूट ठेवतात का? नाही ठेवत. घड नाही तिला पोसायचं कशाला — ऊन खाते, पाणी खाते, काढून टाक! हे मला कॉलेजात नाही कुणी शिकवलं. अन् हा अर्सलान — अकरा वर्षं मी ह्या कंपनीत, संग्रामसाहेबांनी द्राक्षांचा धंदा सोडून फुलांचा धरला तेव्हापासून, अन् सुपरवायझर कोण? तर दोन वर्षांमागं आलेला तो! सगळ्यांसमोर मला सांगतो, ‘उर्मिलाजी, इन चार को कैंची मत लगाना, ये नर हैं.’ नर म्हणे! चार वर्षांत त्या चारांवर एक फळ नाही, अन् जागा अडवलेली मधली. मला तर हसूच आलं. सगळ्यांसमोर आलं, तेही त्यानं बघितलं.

काय बघतोस माझ्या हाताकडे? डावखुरी आहे. टोळीत पण हसायचे, नंतर माझ्याच मागनं शिकले. —तिकडे कुठं निघालास? काही नाही तिथं, बुडखे आहेत नुसते. वाकू नकोस! कुणाल, उठ म्हणते ना... बरं. बघ, बघ नीट. काप उलट्या बाजूला तिरका गेलाय, अन् अर्सलान उजव्या हाताचा, हेच ना? हुशार आहेस. बस आता माझ्या डोक्यावर तूही.

हो, मी कापले. जमिनीबरोबर, चारही. गेल्या वर्षीच्या छाटणीत, शुक्रवारी तो नमाजाला गेला तेव्हा. म्हटलं, ऊन मोकळं होईल, बाकीच्यांना दुप्पट फळ लागेल, मग बघू कसा मान वर करतो! परत आला, बुडख्यांकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हॉलंडहून दुसरे नर मागवायला धावला, ते वेळेत आले नाहीत. मे महिन्यात फुलं आली, मधमाश्यांची पेटी आणली, बिचाऱ्या माश्या फिरल्या, फिरल्या — पण नराचं फूलच नाही, फळ धरणार कुठून? अन् मग डिसेंबरात साहेब इथंच उभे, तुझ्या जागी, ‘कुणी कापले?’ अन् मी — खरं सांगू? मी खाली बघून पाण्याची नळी गुंडाळत राहिले. तो म्हणाला, ‘मैंने काटे.’ बाहेर गाठला मी त्याला, म्हटलं, का? तर म्हणतो, ‘आपकी बेटी का लास्ट इयर है.’ नवरा गेल्यापासून माझा व्हिसा कंपनीचा, अन् दियाचा माझ्यावर. ठाऊक होतं त्याला सगळं. अरे, पण मी मागितलं होतं का? त्याला स्वतःला तीन वर्षांची पोर आहे, अन् हा मला दान देतो! मला! ज्याच्यावर मी जळले त्याचं मीठ घशाखाली ढकलत रोज इथं यायचं — तुला काय कळणार? राग येतो मला त्याचा. आजही येतो.

काय? काय म्हणालास? ‘रोग पडला’ असं लिहू? म्हणजे तोही परत येईल, मीही राहीन... वा! अजून एक दाता उगवला! रोग पडला होता का? माझ्या हातानं पडला होता तो! मला नकोय तुझी दया, एकाची फेडताना जीव चाललाय. आण तो कागद. पेन दे. उर्मिला भानुदास शेवाळे, पूर्ण नाव लिहिते. ‘चारही नर झुडपं मी, न विचारता, मुळातून कापली. अर्सलानचा काही संबंध नाही.’ झालं. दियाला मी सांगेन. ती म्हणेल, ‘ममा, व्हाय?’ — विचारू दे.

घे. असा तोंडाकडे बघत काय उभा राहिलास? जा, साहेब आहेत ऑफिसात. अन् वाटेत फाडलास तर मी दुसरा लिहीन. जा म्हटलं ना! दार लाव.