आधी कोनी बोलायचं

न्हाई न्हाई, तो मोबाईल आधी खिशात घाल, अनीश — पालथा नको ठेवूस, खिशात घाल. हां. आता बस, पानी पी. मला एकदा नीट समजू दे तू काय म्हनालास ते. मंडळाचं मोठं अधिवेशन हाय, नगरला, हॉटेलात — आन् उद्घाटनाचं भाषन तुझे सर करनार. आमचे हे. जे मागच्या दिवाळीच्या तोंडावर गेले, ते. पडद्यावर दिसनार, ओठ हलनार, आवाज त्यांचाच, पन बोलनं नवं, दुसऱ्या कुनी लिहून दिल्यालं. आन् त्याला घरच्यांची परवानगी पायजे म्हनून तुला इथं राहुरीकडं, देवळालीला धाडलं. घरचे म्हनजे कोन, मीच. बरोबर? मग नुसती मान काय हलवतो, चहा घे. साखर कमी वाटंल. तुझ्या सरांच्या सवयीनं हात अजून आखडताच पडतोय.

हे मंडळ कुठं सुरू झालं ठाव हाय तुला? ह्याच खोलीत. तू तवा शाळेत असशील. ‘तंत्रज्ञान व्यवस्थापन अभ्यासक मंडळ’ — येवढं लांबडं नाव, की बॅनरवाल्याला जागा पुरंना, ‘मंडळ’ त्यानं खालच्या कोपऱ्यात बारकं करून घातलं. तुझे सर, तुमचे आताचे अध्यक्ष नारायण सर, आन् दोघं-तिघं मास्तर. खुर्च्या ह्या भिंतीपलीकडच्या कडूबाईच्या. आन् गावात कुनाला काय कळंना — मंडळ म्हटलं की लोक वर्गनीच्या भ्यानं दार लावून घ्यायचे! खरंच सांगते. मी अंगनवाडीत, तिथं बाया मला इचारायच्या, भारतीताई, तुमच्या मंडळाचा गनपती कुठं बसतो? आता ह्यांना काय सांगू? नवं यंत्र आलं की धंद्याचं काय हुतं, मानसाचं काय हुतं, ते कधी आनावं, कसं आनावं — ह्याचा अभ्यास हाय म्हनून सांगितलं तर त्या म्हनायच्या, म्हनजे दुरुस्तीचं दुकान का? कालेजात तरी कुठं कोन इचारत हुतं ह्यांना. इंजिनेरिंगवाले म्हनायचे तुमी कॉमर्सचे, कॉमर्सवाले म्हनायचे तुमी इंजिनेरिंगचे. म्हनून तर मंडळ काढलं. चार मानसं एकमेकांचं लिखान वाचतील, येवढंच. तुझे सर तर लई खूश. आयुष्यात पैल्यांदा मानूस कशात तरी ‘संस्थापक’ झाला हुता.

आन् नियम त्यांचाच. आता तुमच्या छापील माहितीत न्हाई तो, मी बघितलं. नियम काय — ज्याच्या हातचं काम यंत्र घेनार, त्यानं आधी बोलायचं. मग पीएचडीवाल्या डाक्टरांनी. बैठक कसली बी असू दे, आधी त्यो मानूस. डेअरीत हातानं दुधाचं फॅट काढनारा रंभाजी आला हुता एकदा, तर त्यो यंत्राचं सोडून अर्धा तास गुडघ्याचंच बोलला, आन् हे सगळे पीएचडीवाले गप माना हलवत बसले. हसू नको, मी बी हसले हुते तवा. ऊसतोडीचं यंत्र आलं तवा खर्ड्याकडचा बिभीषण आला, बायकोला घेऊन. बसला, पोहे खाल्ले, आन् म्हनाला, आमी कुठं जायचं? बास, येवढंच. नारायण सरांनी लई मोठा लेख वाचायला आनला हुता, तो त्यांनी पिशवीतच ठेवला. असं हुतं ते. वेड्यावानी हुतं, पन खोटं नव्हतं.

मग मंडळ वाढलं. नाशिकचे आले, पुन्याचे आले, पार हैदराबादचे आले. आन् लॉकडाऊनच्या आदल्या साली ती बैठक झाली. काय, तर लहान लहान कालेजांत ह्या विषयाला मास्तरच न्हाईत — तर मंडळानं लेक्चरं रेकॉर्ड करायची आन् सगळीकडं वाटायची, फुकट. कल्पना कुनाची? तुझ्या सरांचीच. आन् मग नियमापरमानं परश्न आला, ह्या यंत्रानं काम कुनाचं जानार? आधी कुनाला बोलवायचं? लई चर्चा, अनीश. गंभीर तोंडं करून. शेवटी ठरलं — गोरक्ष. कालेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला! पोरांना नोट्सच्या झेरॉक्स लागनार न्हाईत, तर त्याचा धंदा बसंल. त्याला बोलावलं, मानानं खुर्ची दिली, त्यो म्हनाला, मी लग्नपत्रिका छापीन, माझी काळजी करू नका. सगळ्यांना हायसं वाटलं. टाळ्या वाजवल्या. ठराव पास. साऱ्या खोलीत मास्तर बसलेले, आन् एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई की ह्यात मास्तरच चाललाय. ह्यांच्या न्हाई, नारायण सरांच्या न्हाई. जन्मभर दुसऱ्याचं काम कसं जातं ते शिकले, आन् सोताचं दिसलं न्हाई. मला? मला काय दिसनार, मी आत पोहे परतत हुते.

इथंच केलं रेकॉर्डिंग. उन्हाळ्यात. आवाज घुमू नये म्हनून खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद, मानूस घामानं निथळायचा आन् तरी इस्त्रीचा शर्ट. मधी मधी खोकायचे. सगळं झालं आन् दोन वर्सांत कालेजनं सांगितलं, सर, तासावरची नेमनूक आता पुढं देता येत न्हाई. का? तर लेक्चरं हायेत की. दुसऱ्या कालेजात गेले. तिथला प्राचार्य उठून उभा राहिला, पाया पडला त्यांच्या, आन् म्हनाला, सर, तुमी तर आमच्याकडं रोजच शिकवताय! घरी आले आन् मला हसत हसत सांगितलं, भारती, मी चार जिल्ह्यांत शिकवतोय. हसत हसत. जेवले मात्र न्हाईत. नारायण सरांना मी सोता फोन केला, ते म्हनाले, वहिनी, तो कालेजचा परश्न हाय, मंडळाचा काय संबंध. आन् राहुरीच्या स्टँडवर पडले ना, तवा पन मुलाखतीलाच निघाले हुते. त्या वयात. फाईल मांडीवर. एका पोरानं ओळखलं — अरे, हे तर व्हिडिओतले सर. त्यानंच फोन केला मला. मंडळानं शोक ठराव पाठवला. लॅमिनेशन करून.

तू का खाली बघतोस? तुला न्हाई बोलत मी. तू त्यांचा लाडका. पन खरं सांग, तुझी नेमनूक काय हाय? तासावरच ना अजून? — आन् तुझी लेक्चरं? घेतली का रेकॉर्ड करून? — घेतली. असं. मग आता सर भाषन करनार, म्हनजे मेलेला मानूस बी अधिवेशनाला पुरतोय, तर तू कशाला लागनार रे तिथं? नियमानं बघितलं तर माझ्याआधी तुलाच बोलायचंय. बोल. — न्हाई? मग राहू दे. त्यांना बी जमलं न्हाई.

काय म्हनालास? न्हाई, वाईट कसलं वाटायचं. ऐकू तर रोज येतोच ना आवाज. अरे, कडूबाईची नात, मनवा, तिला हाच विषय. सांजेला ती अभ्यासाला बसली की भिंतीतनं हे चालू. मी तवा भाजी-बिजी निवडत बसते ह्या अंगाला. आता तर पाठच झालंय, कुठं खोकनार, कुठं थांबनार. आन् एक लेक्चर हाय बघ, जुनं यंत्र कधी काढायचं त्याचं — त्यात मधीच कुकरची शिट्टी झाली. माझीच चूक, मी कुकर लावला हुता. तर हे बोलता बोलता म्हनाले, भारती, गॅस बारीक कर. आन् पुढं चालू. काढायचं राहून गेलं ते, तसंच गेलं चार जिल्ह्यांत. मनवा ते लई वेळा लावती. मी सांगितलं न्हाई तिला कधी, पन ती लावती. पोरगी गुनी हाय. — आता तुला का सांगत बसले मी हे.

दाखव बरं तो नमुना. काढ मोबाईल. म्हनजे परवानगी मागायच्या आधीच बनवून ठेवलंय तुमी, ते कळलं मला आल्या आल्याच. लाव.

…

चांगलं बोलतोय. घाम न्हाई, काय न्हाई. हाटेलवाल्यांचे आभार मानले, यंत्रवाल्या कंपनीचे मानले. खोकला कुठाय? — साफ केला. बरं. पंखा, गाड्या, सगळं काढलं. बरं. जुन्या लेक्चरांचं पन? सगळ्यांचं? — म्हनजे ती शिट्टी? — आन् शिट्टीच्या पुढचं, ते? — तसं न्हाई, नीट सांग, भारती काढली का ठेवली? — तो पन गोंगाटच हुता व्हय. मनवाच्या मोबाईलवर पन येत्या महिन्यापासून साफच येनार. असू दे, असू दे, तू केलं न्हाईस, तू का रडतोस.

एक इचारू? ते काय बी बोलतं का, आपन सांगू ते? — लिही मग. ‘भारती, गॅस बारीक कर.’ न्हाई, बाकी काय नको. येवढंच लिही.

…

परत लाव.

…

नारायण सरांना सांग, परवानगी न्हाई. सांग, महेंद्रची बायको म्हनली, नियम मोडतोय. ज्याचं काम गेलं त्याला आधी बोलवा, तो आला तर करा भाषन. असंच सांग, शब्द बदलू नको. ऊठ आता, पाचची एसटी जाईल तुझी. जयभीम. जा. — मोबाईल? मोबाईल राहू दे इथं. सकाळी येऊन घेऊन जा. — आरे जा म्हनते ना.