शिंत्रे आण्णांचे विमानाचे पॉइंट

जमलेल्या समद्या थोरामोठ्यांस्नी माझा नमस्कार.

मला बोलायला जमंल का न्हाय, ठावं न्हाय. गावात बचत गटात चार बायकांत बोलतो, तेवढंच. इथं माईक हाय, समोर आण्णांचा फोटो हाय, फोटोला हार हाय.  थांबत थांबत बोलतो. सांभाळून घ्या.

तुमी मला वळकत न्हाईसा. मी शालन पोवार. राधानगरीच्या वरल्या अंगाला आमचं गाव हाय. चार म्हशी, थोडं भाताचं रान. तुमच्यातल्या काय जणांनी माझ्या मालकांस्नी बघितलंय. त्या दिवशी सकाळी आण्णांचं दार वाजवत जे उभे हुते, ते. नितीनदादा, आण्णांचे पुतणे, पुण्यास्नं आले आन् त्येंनी मालकांस्नी विचारलं, "तुम्ही काकांचे कोण?" मालकांस्नी सांगता येईना. ते म्हणालं, "ते माझी बायको सांगंल."

म्हणून मी उभी हाय. आमी आण्णांचं कोण, ते सांगायला.

आण्णा तुमच्या ह्या बावड्यातल्या कारखान्यात टाइमकीपर हुते, हे मी तुमास्नी काय सांगायचं? काकी जाऊन लई वरसं झाली. पोरबाळ न्हवतं. हे तुमास्नी माझ्यापेक्षा जास्त म्हाईत हाय. पण आण्णा रोज सकाळी कुठं जायचं, हे म्हाईत हाय का कुणाला?

पंचाहत्तरी झाली की एसटी फुकट. आण्णा स्टँडवर जायचं आन् जी गाडी लागलेली असंल तीत बसायचं. कधी मलकापूर, कधी राधानगरी. उतरायचं, च्या प्यायचं, त्याच गाडीनं माघारी. मी एकदा विचारलं, "आण्णा, काम काय असतंय वो तिकडं?" म्हणालं, "काम कसलं? गाडीत माणसं असत्यात की."

अशाच एका गाडीत माझी त्येंची गाठ पडली. मी राधानगरीत चढलो. मांडीवर पिशवी, डोळ्याला पदर. शेजारी एक म्हातारा माणूस मोबाईलवर काय तरी टिपत बसलाय. गाडी हलली आन् मला विचारतोय, "वैनी, धुण्याचा साबण कुठला वापरता?"

मी तडकलो. "तुमास्नी काय करायचंय माझ्या साबणाचं?"

"राग मानू नका. सर्वे हाय ह्यो. असले सर्वे भरले की पॉइंट मिळत्यात. पॉइंट साठले की विमानाचं तिकीट."

मी मनात म्हटलं, एक तर येडा हाय, न्हाय तर फसव्या. तोंड फिरवलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

फोन गुवाहाटीचा हुता. माझी रूपाली तिकडं हुती. जावई मिलिटरीत. ते वर सरहद्दीला, फोन लागत न्हवता. पोरगी एकटी, दिवस भरायला अजून अवकाश, आन् अंगावरनं जायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलेली. शेजारची बाई हिंदीत सांगत हुती, कुणी तरी लवकर या, पोरगी आई आई करतीया. माझी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून मालकांस्नी हलता येत न्हवतं. मी एकटीच रेल्वेनं निघालो हुतो. जोतिबाच्या पलीकडं कधी न गेलेली बाई. आसामला पोचायला किती दिवस लागत्यात, त्येबी ठावं न्हवतं.

फोन ठेवला आन् मी भर गाडीत रडलो.

आण्णांनी काय धीर बिर दिला न्हाय. रडू नका म्हणालं न्हाईत. त्येंनी विचारलं, "कुठं जायचंय?" मी सांगितलं. त्येंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. लई येळ बोट फिरवत हुते. मग म्हणालं, "उद्याच्या विमानात दोन सीट निघत्यात. तुम्ही एकट्या जाणार न्हाई, मी येतो."

आता तुमीच सांगा. परका माणूस, एसटीतली वळख, आन् म्हणतोय विमानानं नेतो, फुकट! मी मालकांस्नी फोन लावला. मालक फोनवर वरडलं, "शाले, फसवणूक असंल! आधार कार्ड बघ त्येचं!" आण्णांस्नी ऐकू गेलं. त्येंनी मुकाट्यानं खिशातनं आधार कार्ड काढलं आन् माझ्या हातात दिलं. म्हणालं, "फोटो काढून पाठवा मालकांस्नी. माझाबी काढा." मी काढला. त्या फोटोत आण्णा हसाय लागलेत. त्यो फोटो अजून हाय माझ्याकडं.

पॉइंट म्हंजे काय, हे त्येंनी मला विमानतळावर सांगितलं, उजळाईवाडीत बसलो हुतो तवा. बँकेतलं पोरगं त्येस्नी म्हणालं हुतं, काका, क्रेडिट कार्ड घ्या, पॉइंट झटक्यात साठतील. आण्णा म्हणालं, "माझ्या बानं उधारीवर चप्पलसुदीक घेतली न्हाई. मी कार्ड घेऊन काय करू?" मग बिनकार्डाचं काय काय करता येतंय, ते त्येंनी हुडकून काढलं. स्कूटरीत पेट्रोल भरलं की पंपावर पॉइंटाच्या खात्याचा नंबर सांगायचा. काय मागवायचं असलं तर आधी विमान कंपनीच्या पानावर जायचं, तिथनं त्या दुकानात शिरायचं, म्हंजे पॉइंट पडत्यात. कुणाचं लॉज बुक करायचं असलं तर आपल्या मोबाईलवरनं करून द्यायचं. आन् सर्वे. साबणाचे, टूथपेस्टचे, टीव्हीचे. मुंगीगत साठवत बसायचं.

"बायकोला विमानात बसवायचं हुतं," म्हणालं. "अर्धे साठले तवा ती गेली."

"मग थांबला का न्हाईसा?"

"थांबून काय करायचं?"

मग त्येच पुढं बोलाय लागले. "पॉइंटांचं एक हाय बगा वैनी. नुसते ठेवले तर मरत्यात. मधनं मधनं काय तरी हालचाल दाखवायला लागती. न्हाई तर कंपनीला वाटतंय, ह्यो माणूस आता न्हाई." आन् हसले. मग म्हणालं, "सर्वेत पैला प्रश्न असतोय, घरात माणसं किती? मी लिवतो, एक. एक लिवलं की उत्तर येतंय, धन्यवाद, तुम्ही ह्यात बसत न्हाई. झालं, सर्वे बंद."

मी म्हटलं, "मग दोन लिवायचं की. कोण बघायला येतंय?"

"खोटं कसं लिवू, वैनी? एकच हाय की."

मंडळी, मला त्या वक्ताला माझ्या पोरीची काळजी खात हुती. माझं निम्मं ध्यान न्हवतं. पण त्या माणसाचं ते बोलणं माझ्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

विमानात त्येंनी मला खिडकी दिली. दोघांस्नीबी पट्टा लावता येईना. विमानातल्या एका पोरीनं येऊन लावून दिला. विमान पळायला लागलं, आन् आण्णा हळूच म्हणालं, "वैनी, हात धरू का? भ्या वाटतंय." मी म्हटलं, "धरा की." त्येंचा हात गार पडला हुता. विमान वर जाऊन सरळ झालं, पट्ट्याचा दिवा इझला, तरीबी त्येंनी हात सोडला न्हाई. आन् मीबी सोडवून घेतला न्हाई. हैदराबादला विमान बदललं, तवा पुन्हा तसंच.

गुवाहाटीला पोचलो तवा रूपाली शुद्धीवर हुती. मला बघितलं आन् तिनं माझा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा झाला. एवढासा. काचेच्या पेटीत ठेवला. आत एका बाईमाणसालाच सोडत हुते. आण्णा भाईर बाकावर. त्येंनी काय केलं सांगू? आमची लुगडी धुवून आणली. कुठनं तरी मऊ भात आणला. हिंदी मोडकंतोडकं, तरी औषधाच्या दुकानापाशी लाईनीत उभे ऱ्हायचे. नर्सबाई मला म्हणायची, "आपके पिताजी बाहर बैठे हैं." मी तिला सांगितलं न्हाय की ते माझे वडील न्हवंत. आण्णांस्नीबी ती तसंच म्हणायची. त्येंनीबी सांगितलं न्हाय.

जावई आले. त्येंनी बाकावरच आण्णांचे पाय धरले. आण्णांस्नी कसंनुसं झालं. "अवो पावणं, उठा, उठा," म्हणत हुते. त्याच संध्याकाळी म्हणालं, "आता तुमचं माणूस आलंय. मी निघतो. माझं तिकीट हाय." मी समजलो विमानाचं. लई दिवसांनी कळलं, पॉइंट जातानाच संपलेले. ते रेल्वेनं आले. ह्या वयात, एकटे, आसामपास्नं कोल्हापूरपतोर.

घरी आले आन् मला फोन केला. "पोचलो."

मी विचारलं, "कुणी चौकशी केली का, कुठं गेलता म्हणून?"

आण्णा म्हणालं, "न्हाई. कुणाला कळलंच न्हाई मी गेलतो ते."

मी तुमास्नी बोल लावाय आलो न्हाय. खरंच न्हाय. ज्येचा त्येचा संसार असतोय, ज्येची त्येची घाई असती. आमच्या गावातबी असली घरं हाईत, सांजच्याला कुणाचा दिवा लागला न्हाय तर ध्यानात येत न्हाय. पण त्येंचं ते बोलणं मला इथं सांगायचं हुतं. ते त्येंनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असंल, असं मला वाटत न्हाय.

त्या दिवसापास्नं आमचा एक रिवाज पडला. सांजंची धार काढून झाली की आण्णांचा फोन. काय बोलायचं? काय न्हाय. कुठली म्हस व्याली, आज कुठल्या गाडीनं गेलतो, पोराचं वजन किती वाढलं. पोराला घेऊन रूपाली घरी आली, तवा आण्णा राधानगरीच्या गाडीनं आले, आन् पैल्यांदा स्टँडवर च्या पिऊन माघारी फिरले न्हाईत. आमच्या घरी जेवले. पोरगं मांडीवर घेतलं. त्येनं धोतर भिजवलं, तर आण्णा उठायला तयार न्हाईत. म्हणालं, "असू दे, झोपलंय."

आन् पॉइंट? ते पैल्यापास्नं परत चालू! रूपालीला पोराला घेऊन पुन्हा आसामला जायचं हुतं ना. आमच्या बचत गटातल्या बायकांचा मिक्सर, पोरांची बुटं, समदं आण्णांच्या मोबाईलातनं यायला लागलं. बायका म्हणायच्या, "शालन, तुझ्या आण्णांस्नी फोन लाव, मला कुकर मागवायचाय." तुझे आण्णा! आण्णांस्नी सांगितलं तर फोनवर नुसते हसत बसले.

नितीनदादा काल म्हणालं, काकांच्या खात्यात जे पॉइंट हाईत ते आता कुणालाच मिळायचं न्हाईत. माणूस गेला की खातं बंद. जाऊ दे. ज्येंचं हुतं त्येंच्यासंगं गेलं.

मागल्या आठवड्यात सांजंला फोन आला न्हाय. मी लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. मालक म्हणालं, "झोपले असतील." मी म्हटलं, "एवढ्या लवकर?" दुसऱ्या दिवशी पैल्या गाडीनं मालक इकडं आले. पुढचं तुमास्नी म्हाईत हाय. आण्णा खुर्चीतच बसलेले हुते. डॉक्टर म्हणालं, आदल्या दिवशी दुपारीच गेले. तरास झाला नसंल. देव करो, तसंच असू दे.

एक शेवटचं सांगतो, मग बसतो.

पावसाळ्याआधी मालक आण्णांस्नी म्हणालं हुते, "एकटं कशाला ऱ्हाताय? गोठ्याच्या वरच्या अंगाला जागा हाय, एक खोली काढू. ऱ्हावा आमच्यात." आण्णा बघू, बघू म्हणत ऱ्हायले. आमाला वाटलं, मनात नसंल. आन् गेल्या म्हैन्यात आपण हून फोनवर विचारलं, "वैनी, त्या खोलीत मोबाईलला रेंज येती का?" मी म्हटलं, "दारात बसलं की येती." तवा म्हणालं, "मग भात कापून झालं की येतो."

मालकांनी घाईघाईनं गिलावा केला. पूर्वेला खिडकी काढली. सासू अंथरुणातनं रोज विचारती, "त्यो बावड्याचा पावणा कधी येणार?" परवाच भात कापून झालं.

आण्णा, आमी वाट बघत हुतो वो. खरंच बघत हुतो.

आता समदे उभं ऱ्हाऊया. जरा येळ कुणी काय बोलू नका.