‘माझी’ म्हटल्याबद्दल

सकाळपासून मला चौकीत बाकावर बसवून ठेवलंय आणि माझ्या सुनेला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही, हे आधी लिहा. मग नाव. गल्लीत मला कात्री म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. काम, मुलाच्या लॉन्ड्रीत कपड्यांवर खुणा घालणे. शिक्षण दुसरी. राहणार लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, परवा दुपारी आमच्या कपडे वाळवायच्या खोलीत आग लागली. बंबवाले म्हणाले, वायर जळाली. माझी नात आत कपड्यांच्या ढिगावर झोपली होती. ती रोज तिथेच झोपते, हे लॉन्ड्रीत सगळ्यांना माहीत आहे. माझा मुलगा त्या वेळी त्याच खोलीत मशीन बघत होता. तो बाहेर आला. एकटा आला.

दारात कामगार कोणाला आत जाऊ देईनात. मलाही धरून ठेवलं. तेव्हा आमचा इस्त्रीवाला ओरडला, "माझी मुलगी आत आहे, सोडा." त्यांनी सोडलं. तो ओली चादर घेऊन गेला आणि नातीला सुखरूप घेऊन आला. त्याचे दोन्ही हात भाजलेत.

संध्याकाळी माझ्या मुलाने तक्रार दिली की, आग इस्त्रीवाल्यानेच लावली, आणि तो ‘माझी’ का म्हणाला याचा तपास व्हावा. तेव्हापासून इस्त्रीवाला कोठडीत आहे. सुनेला मुलाने घराबाहेर काढलं आहे.

इथले साहेब म्हणाले, "आजी, रक्ताचं नसताना कोणी आगीत शिरतं का? जनावरसुद्धा आपलंच पिल्लू उचलतं." मग माझा मुलगा कशात बसतो, असं मी विचारलं. ते साहेबांनी लिहून घेतलं नव्हतं. आता घ्या.

संशय मलाही आला होता. मी नातीचे कान निरखून पाहिले. माझ्या मुलाचेच आहेत, सुपासारखे.

इस्त्रीवाला काही संत नाही. माझ्या डोळ्यांदेखत साबण घरी नेतो. म्हणून मी त्याला गजांतून विचारलं, "खरं सांग, कशाला गेलास?"

"आजी, मी कुठे गेलो? पाय गेले."

"आणि ‘माझी’ कशाला म्हणालास?"

"मालकाची म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, मालक बघेल."

पाय गेले हे मी मानते. माझ्या मुलाचेही पाय आपोआपच बाहेर पळाले, असं तो म्हणतो. पण खोटं आपोआप तोंडात येत नाही, ते जुळवावं लागतं. इस्त्रीवाल्याने ते परक्याच्या पोरीसाठी जुळवलं. माझ्या मुलाने संध्याकाळी जुळवलं ते कोणासाठी, मला सांगता येणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या तोंडचे काही शब्द गाळून सभ्य केलाय, बाकी बरोबर आहे. अंगठा नको, मी सही करते.

इस्त्रीवाल्याला आता कोणी काही विचारू नये. माझा मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसलाय. त्याला आत बोलवा, सुनेसमोर उभा करा. एकटा का आलास, याचं उत्तर त्याने द्यायचं.