पयला कप

लिव, जयवंताबाई लिव, केळझर लिव. अन् कागदावर मावत नाई थे आयकून घे. आत डॉक्टरीनबाईच्या पयले तूच साऱ्या तक्रारी लिवून घेतं ना? मंग मी माह्या रीतीनं सांगीन. एका घरी एका चुलीवर दोन जावा रांधत होत्या — मोठी जयवंता, लहानी प्रमिला. सासू एक, आंगन एक, अन् म्हातारपनी दुखनंबी एकच! थायरॉइड. डॉक्टरीनबाई म्हने, आजी, तुमचंच अंग तुमच्याच गळ्यातल्या ग्रंथीले खाऊन राह्यलं. मी म्हनलं, त्यात का नवल बाई, घरचंच घरच्याले खाते.

मोठी कोन म्हंजे? मीच वो. आता पाय — गोळी दोघीले एकाच साली लागली. प्रमिलेची सूज उतरली, केस आले, साठीत वेनी घालते, वेनी! अन् मी? तीन वर्सं झाली, कंगव्यात केस, वैशाखात शाल, दोन पायऱ्यात दम. थेबी सोसलं असतं. पन डोक्यातलं जाऊन राह्यलं ना! गावातलं कोनाचं लगन कोन्या तिथीले, नवरीचं लुगडं कोन्या रंगाचं — सारं मले पाठ. शाळेचं तोंड नाई पायलं, पन गनपतीच्या देवळात चतुर्थीची कहानी सांगाले मीच लागे. चार महिन्यापयले चतुर्थीले मधातच भुलली. बाया तोंडाकडं पाहून राह्यल्या. अन् मागून प्रमिला उठली, अन् माही कहानी तिनं पुरी केली! माही! बाया म्हने, किती छान सांगतं वो प्रमिलाबाई. त्या दिवशी घरी येऊन भाकर गोड नाई लागली मले.

मले वाटे, तिले चांगली औषधी देल्ली अन् मले पानचट. म्हनून मी — थांब, हे लिवू नोको. लिवलं? खोड. म्हनून मी डब्यातल्या गोळ्या बदलल्या. तिच्या माह्या डबीत, माह्या तिच्या. कोनाले दिसते? सारख्याच पांढऱ्या. आठ-दहा दिवस गेले, माहं काहीच नाई, अन् तिची छाती धडधड करे, हात कापे, रातभर डोया लागे नाई. मी त्याच दिवशी परत जिथल्या तिथं करून ठेवल्या. मंग वर्षालीनं, माह्या नातीनं, डबीवरचे आकडे वाचून दाखवले, त माही गोळी तिच्याहून अडीचपट! दर खेपेले वाढवतच गेलते ना मले. आता बरी हाय थे, दोन महिने झाले, तिचं रगतबी बरोबर निंगालं. अशी नोको पाहू माह्याकडं.

काय म्हनतं? गोळी खरी हाय म्हनून त तिले बाधली? हाव... थे त हायच. मंग मलेच काऊन लागत नाई? कशी घेतो म्हंजे? उपाशीपोटी! अन्नाचा दाना नसते पोटात. चहासंग घेतो. आता चहा का जेवन हाय? चतुर्थी आमी चहावर काढतो, उपास मोडत नाई, मंग पोट उपाशीच नाई का? प्रमिला? थे पान्यासंग घेते. तिले तवा चहा भेटतेच कुठं! पयला कप मोठ्या सुनेचा — सासू सांगून गेली, चाळीस वर्सं झाली. दाट दुधाचा, माह्या हातात. मंग मानसांचा, अन् प्रमिला सडा, झाडझूड, तुयसीले पानी, सारं करून घंटाभरानं पिते. एकडाव तिनं पयला कप उचललाता, त मी तीन दिवस तिच्याशी बोलली नाई.

पेन काऊन खाली ठेवला? बोल ना.

...दुधाच्या चहासंग गोळी अंगीच लागत नाई? नुसत्या पान्यासंगच घ्या लागते? अन् घंटाभर काही नाई?

तीन वर्सं. तीन वर्सं मी माहा मान पीत होती अन् औषधी वाया जात होती! अन् जिच्यावर जळत होती, तिचा गुन त शिळ्या चहात होता. बाप्पा बाप्पा.

थे पाय, प्रमिला आली, माह्यासंगच आली हाय दवाखान्यात. दोन कप घेऊन आली, पाय, मलेच देईन पयले, मोडनार नाई रीत. — प्रमिला, तूच पी. पी म्हनलं त! मले पानी आन. रगत द्याचं होतं म्हनून गोळी घेतली नाई ना आज, थे देऊन झालं, आता घेतो. अन् मंग बस इथं माह्याजवळ. काई नाई झालं वो, रडून नाई राह्यली मी. पुढच्या चतुर्थीले तू माह्या बाजूले बसजो, भुलली त सांगजो.

गेली थे पान्याले. अन् तू पोरी, कहानीचा शेवट हाच — मोठीनं पयला कप लहानीच्या हाती देला, अन् त्या घराले बरकत आली. केस यायचे तवा येतीन. कागदावर एवढंच लिव, चहासंग घेत होती. डब्यांचं तिले मीच सांगीन, घरी गेल्यावर. तू पोटात ठेवजो. जाय आता, थे पानी घेऊन येते, तिच्यादेखत उभी नोको राहू.